नियमगिरी: देवाची हद्द कुठपर्यंत?

सोमवार. वडसा, गोंदिया, रायपूर

गेली नऊ वर्षं मी गडचिरोलीत सामूहिक वनहक्काचे, म्हणजे गावाच्या जंगलावरच्या हक्काचे, दावे लिहायचं काम करते. दाव्यात सगळं मांडावं लागतं: निस्तार (घरच्या गरजेचा लाकूडफाटा वगैरे), तेंदू, बांबू, तळी, चराई, गावाची चतुःसीमा. लोक भराभर सांगत जातात, मी लिहीत जाते. मग देवस्थानांचा रकाना येतो आणि माझा हात थांबतो. "पेनठाण्याचं क्षेत्र किती लिहू?" असं विचारलं की समोरची माणसं एकमेकांकडे बघतात. कुणी म्हणतं, अर्धा एकर लिहा. लगेच दुसरा म्हणतो, अर्ध्या एकरात कसं होईल, तो तर पूर्ण डोंगरच आहे ना.

हाच प्रश्न ओडिशातल्या एका डोंगराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि उत्तरासाठी पुन्हा गावात आला. तो डोंगर एकदा पायानं चढायचा, हे मनात बरीच वर्षं होतं. सोबत धानोरा तालुक्यातले एक दादा आहेत. गोंड, साठीच्या पुढचे, त्यांच्या ग्रामसभेच्या वनव्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. आपल्या जंगलावर हक्क मिळवणारं मेंढा-लेखा गाव त्यांच्याच तालुक्यात. "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांनी तरुणपणापासून ऐकलेली आणि दिलेली.

गाडीत त्यांनी विचारलं, "ताई, पूर्ण सांगा, पहिल्यापासून." मग मी सांगत बसले. नियमगिरी ही रायगडा आणि कालाहंडी या दोन जिल्ह्यांत पसरलेली डोंगररांग. तिथं डोंगरिया कोंध राहतात, जेमतेम आठ हजार माणसं. माथ्यावर बॉक्साइट, सुमारे ७.२ कोटी टन. पायथ्याशी लांजिगडला वेदांता कंपनीची ॲल्युमिना रिफायनरी आधी उभी राहिली, खाण मिळणारच या हिशोबानं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वनजमीन द्यायला हिरवा कंदील दाखवला होता. मग केंद्रानं नेमलेल्या एन. सी. सक्सेना समितीनं २०१० मध्ये अहवाल दिला, की वनहक्क कायदा इथं पायदळी तुडवला गेलाय, आणि त्या ऑगस्टमध्ये पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी परवानगी नाकारली. राज्याचं खाण महामंडळ पुन्हा कोर्टात गेलं. १८ एप्रिल २०१३ ला निकाल आला: खाणीमुळे या लोकांच्या नियमराजा देवाच्या पूजेच्या हक्काला बाधा येते का, ते ग्रामसभांनी ठरवावं.

"म्हणजे कोर्टानं गावाला विचारलं," दादा म्हणाले. खिडकीबाहेर बघत बराच वेळ गप्प राहिले.

मंगळवार. मुनिगुडा

रायपूरहून विजयनगरमकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मुनिगुडा हे छोटं स्टेशन आहे. उतरलो तेव्हा अंग आंबून गेलं होतं. आमच्यासोबत डोंगरावर येणारा मुलगा भेटला. पंचविशीचा, पायथ्याच्या गावचा, कुवी (डोंगरिया लोकांची भाषा), ओडिया आणि हिंदी तिन्ही सफाईनं बोलणारा. त्याचं नाव इथं लिहीत नाही. ज्या गावात राहिलो त्याचंही नाही. तिथल्या लोकांनी तसं सांगितलंय, आणि चळवळीतल्या माणसांच्या घरी पोलीस येण्याचे दिवस तिथं अजून सरलेले नाहीत.

बुधवार. चाटिकोनाचा बाजार

बुधवारी चाटिकोनाला डोंगरिया लोकांचा आठवडी बाजार भरतो. आम्ही सकाळीच जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. बायका डोंगरावरून रांगेनं उतरत होत्या. डोक्यावर टोपल्या, नाकात तीन-तीन कड्या, केसांत ओळीनं खोचलेल्या चापा. पुरुषांचेही केस लांब, मागे अंबाडा, त्यात खोचलेली छोटी फणी, खांद्यावर कुऱ्हाड. टोपल्यांत हळद, आलं, तूर, एरंडी, माहुलाच्या पानांच्या चळती.

मी फोटो काढायला मोबाइल वर केला आणि सोबतच्या मुलानं हळूच माझा हात खाली केला. "आधी विचारा." बरोबरच होतं त्याचं. माझा चेहरा उतरलेला बघून तो म्हणाला, लोक लांबून लांबून येतात, या बायकांच्या नाकातल्या कड्यांचे फोटो घेतात आणि डोंगराबद्दल एक अक्षर न विचारता निघून जातात. त्यानंतर मोबाइल पिशवीतच राहिला. या लेखात फोटो नाहीत ते त्यामुळे.

दादांनी हळदीचा एक गड्डा उचलला, नखानं थोडा खरवडला, हुंगला. विकणाऱ्या बाईला भाषा कळत नव्हती, पण हळद ओळखणारं माणूस कळलं. तिनं मूठभर बियाण्याची हळद वेगळी काढून त्यांच्या गमछात बांधून दिली आणि पैसे घ्यायला मान हलवून नकार दिला.

गुरुवार. डोंगरावरचं गाव

जीप एका ठिकाणी थांबली, तिथून पाऊलवाट. वाटेत एका चौकीवर आमची नावं, पत्ते, यायचं कारण हे सगळं लिहून घेतलं, पिशव्या उघडायला लावल्या. दादांच्या गमछातली हळद सोडून बघितली. ते काही बोलले नाहीत. गाठ पुन्हा बांधताना मात्र त्यांनी बराच वेळ लावला.

चढ सुरू झाला आणि पाण्याचा आवाज सोबतीला आला. फेब्रुवारी संपत आलेला, आमच्याकडे एव्हाना नाले आटायला लागतात. इथं दर वळणावर एक ओढा, बारीक पण जिवंत. डोंगरिया स्वतःला 'झरणिया' म्हणतात, झऱ्यांचे लोक. मराठी माणसाला या शब्दाचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. वंशधारा नदीला इथलंच पाणी जातं, आणि ती पुढं आंध्रात समुद्राला मिळेपर्यंत कितीतरी शेतं भिजवते.

उतारावर शेतं आहेत, पण शेत म्हणून डोळ्यांना लगेच कळत नाहीत. फणसाखाली हळद, तिच्या बाजूला अननसाची पाती, मध्येच तुरीची उभी काठी. नाचणी आणि बारीक धान्यं काढून झालेली. माथ्याकडे बोट करून मुलगा म्हणाला, "तिथं कुऱ्हाड लावायची नाही. नियमराजाचा नियम." नियमराजा म्हणजे नियम घालून देणारा राजा. या देवानं त्यांना पहिल्यांदा काय दिलं असेल, तर काय करायचं नाही ते.

गाव दोन ओळींत, समोरासमोर, मध्ये रुंद अंगण. घरं बुटकी, छत इतकं खाली की आत जाताना कंबरेत वाकावं लागतं. अंगणाच्या टोकाशी धरणी पेनुचं ठाणं, म्हणजे भूमातेचं: काही दगड आणि लाकूड. मुलानं "धरणी पेनु" म्हटलं आणि दादा थबकले.

"काय म्हणाला तो? पेनु?"

"हो. देव."

"अवं ताई, आमचं पेन!" त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. गोंडी आणि कुवी एकाच घरच्या भाषा आहेत, हे मी कुठंतरी वाचलं होतं. दादांच्या चेहऱ्यावर ते त्या क्षणी दिसलं. संध्याकाळपर्यंत ते एकेका वस्तूला हात लावून नाव विचारत होते, आणि जुळलं की लहान पोरासारखे हसत होते.

आम्हाला ठेवून घेतलेल्या घरात एक तरुण मुलगी दारातल्या उजेडात कापडगंडा भरत बसली होती. हा डोंगरिया बायकांचा भरतकामाचा शेला. २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. जाडसर पांढुरक्या कापडावर ती सुई घालत होती, आणि कुठंही खडूची रेघ नव्हती. ओठ हलत होते. धागे मोजत होती. चार धागे सोडून सुई खाली, पुन्हा वर. एक ओळ चुकली असावी, तिनं ती पूर्ण उसवली, दातांनी गाठ सोडवली आणि परत मोजायला लागली. लाल, पिवळा, हिरवा असे तीनच रंग. त्रिकोणांची रांग बनत चालली होती. मी विचारलं, हे काय? तिनं सुईनंच दाराबाहेर दाखवलं. दारातून डोंगर दिसत होते. शेला कुणासाठी, असं विचारल्यावर मात्र ती लाजली आणि म्हणाली, भावासाठी. घरातल्या बाकीच्या बायका मोठ्यानं हसल्या.

रात्री चुलीशी बसलो. नाचणीची पेज, तुरीचे उकडलेले दाणे. पुरुषांनी सलप आणला, झाडाचा मादक रस, बस्तरात ज्याला सल्फी म्हणतात तोच. दादांनी पानाचा द्रोण दोन्ही हातांनी धरला, आधी चार थेंब जमिनीला दिले. ते बघून म्हातारे जवळ सरकले. आणि मग २०१३ चं बोलणं निघालं.

हे गाव ग्रामसभा झालेल्या त्या बारांपैकी एक. डोंगरावर शंभराच्या वर वस्त्या आहेत, सगळ्यांना विचारा अशी लोकांची मागणी होती. सरकारनं बारा निवडल्या, सात रायगड्यातल्या आणि पाच कालाहंडीतल्या. १८ जुलैला सेरकापाडीत पहिली पल्लीसभा, म्हणजे वस्तीची ग्रामसभा, झाली, १९ ऑगस्टला जरपात शेवटची. ऐन पावसाळा, लावणी-निंदणीचे दिवस. चिखलातून अधिकारी आले, बंदूकवाले आले, पत्रकार आले. जिल्हा न्यायाधीश निरीक्षक म्हणून खुर्चीवर बसले. लोक कुवीत बोलत होते, त्याचं ओडियात लिहून घेतलं जात होतं.

एक म्हातारी बोलायला लागली तशी बाकीचे गप्प झाले. मुलगा भाषांतर करत होता, पण ती मध्येच त्याला थांबवायची आणि तेच पुन्हा सांगायची, त्यानं नीट सांगितलं की नाही याची खात्री करत. "त्यांनी कागद आणला होता. त्यात आमच्या देवाची जागा मोजून लिहिली होती. एवढी जागा देवाची, बाकी डोंगर वेगळा. मला विचारलं, तुमचा देव कुठं बसतो? मी म्हटलं, बसत नाही. फिरतो."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं. नऊ वर्षं मी ज्या रकान्यापाशी अडत होते, त्याचं उत्तर त्या बाईनं न्यायाधीशांसमोर उभं राहून दिलं होतं.

कोर्टात खाणीच्या बाजूनं असाच एक मुद्दा मांडला गेला होता, की देवाचं ठाणं हुंडालजलीला आहे आणि ते खाणपट्ट्यापासून सुमारे १० किलोमीटर लांब आहे. नकाशावर ते बरोबरही असेल. पण १० किलोमीटर लांब कशापासून? ज्या झऱ्यावर ती म्हातारी पाणी भरते तो देवाचा, ज्या फणसाखाली तिची नाळ पुरलीय तो देवाचा. बाराही गावांनी हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं: मोजून दिलेली जागा नको, अख्खा नियमगिरी आमच्या देवाचा. बारापैकी बारा ठराव खाणीच्या विरोधात गेले. जानेवारी २०१४ मध्ये केंद्रानं खाण नाकारली. २०१६ मध्ये ग्रामसभा पुन्हा घ्या म्हणून राज्याच्या महामंडळानं केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला.

इजुरुपा नावाच्या वस्तीची गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडली. तिथं एकच कुटुंब. डोंगरिया नव्हे, गौडा, म्हणजे गुरं राखणारे. एका घराची ग्रामसभा! त्या घरावर काय दडपण आलं असेल, कल्पना करा. त्यांनीही नाहीच म्हटलं.

शुक्रवार. माथा

पहाटे निघालो. फेब्रुवारीच्या शेवटी नियमराजाचा परब, म्हणजे सण, असतो; खाणीविरुद्ध लढणारी नियमगिरी सुरक्षा समिती तो भरवते. वेगवेगळ्या गावांच्या वाटा वर चढत एकमेकींना मिळत होत्या, तसतसा ढोलाचा आवाज दाट होत गेला. म्हाताऱ्या बायका अनवाणी, कमरेवर नातवंडं, न थांबता चढत होत्या. मला तीनदा बसावं लागलं.

माथा सपाट आहे. झाडी संपते आणि एकदम उघडं गवत लागतं, पायाखाली लालसर, भोकंभोकं असलेला दगड. माझं माहेर राजापूरकडचं, हा दगड मी ओळखते. आमच्या सड्यावरचा जांभा! बॉक्साइट हे जांभ्याचंच भावंड. सड्यावर पडलेला पाऊस वाहून जात नाही, मुरतो, आणि महिनोन् महिने खालच्या आगरात झिरपत राहतो, हे कोकणात पोरासोरांना ठाऊक असतं. काल चढताना वळणावळणाला जे ओढे लागले ते या भोकाभोकांच्या दगडातून आले होते. हाच थर काढून न्यायचा होता, सुमारे ६६० हेक्टरचा पट्टा. या दगडाच्या खाली जो खडक आहे त्याला भूगर्भशास्त्रात खोंडालाइट म्हणतात. कोंधांवरून पडलेलं नाव. जगात जिथं कुठं हा खडक सापडेल तिथं तो याच लोकांचं नाव सांगणार.

पठारावर हजारावर माणसं असावीत. जानी, म्हणजे पुजारी, देवाशी बोलत होता. बेजुणीच्या, म्हणजे देव अंगात येणाऱ्या बाईच्या, हातात तांदळाचं सूप होतं. तांदूळ बोटांनी एका लयीत फिरत होते. पूजेचं बाकीचं मी लिहीत नाही, ते बघायला मिळालं हेच पुष्कळ. त्यानंतर सभा झाली. या लढ्याचे नेते लाडो सिकाका यांचं नाव इथल्या पोराबाळांच्या तोंडी आहे. पकडलं गेलं, मारहाण झाली, तरी ते मागे हटले नाहीत. भाषणांत जिंकल्याचा सूर अजिबात नव्हता, हे मला जाणवलं. पुन्हा पुन्हा एकच: वनहक्काचे पट्टे वैयक्तिक नकोत, पूर्ण डोंगराचा हक्क द्या. रस्ते कशासाठी रुंद करताय? पकडलेली पोरं सोडा.

दादांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते गोंडीत बोलले, मग मोडक्या हिंदीत. म्हणाले, "आमच्या जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. ठाकूरदेवाचा. दर जानेवारीत जत्रा भरते, दूरदूरची गावं येतात. आणि त्याच डोंगरात आता लोखंडाची खाण चालू आहे." पुढं त्यांना बोलता आलं नाही. ढोलवाल्यानं ढोलावर हात ठेवला, कातड्याचा घुमारा थांबवला. मग कालची ती म्हातारी उठली, दादांना हाताला धरून आपल्या गोतात घेऊन गेली आणि बसवलं.

रात्री पठारावरच शेकोट्यांजवळ झोपलो. थंडी होती. झोप कमी, नाच जास्त.

शनिवार. लांजिगड

कालाहंडीच्या बाजूनं उतरलो. दुपारी झाडी विरळ झाली आणि समोर रिफायनरी. चिमण्या, आणि पलीकडे लाल गाळाचा विस्तीर्ण तलाव. डोंगराच्या दिशेनं कन्व्हेयरचे खांब आलेले आहेत आणि पायथ्यापाशी येऊन थांबलेत. वरचा दगड या पट्ट्यावरून थेट खाली यायचा होता. मी एका खांबाला हात लावला. उन्हानं तापलेला होता, बुडाशी रानवेल चढायला लागली होती.

रिफायनरी बंद नाही, बॉक्साइट दुसरीकडून येतं. किनारी हे गाव या प्रकल्पाच्या जागेत गेलं. तिथल्या लोकांना सिमेंटची घरं मिळाली, एका रांगेत. अंगण नाही, समोरासमोर दारं नाहीत. एका घराच्या पायरीवर बसलेल्या माणसाशी बोललो. त्यानं रागानं काही सांगितलं नाही, फक्त कुठली झाडं होती ती ओळीनं मोजून दाखवली. मोह, आंबा, चिंच, पुन्हा मोह.

चहाच्या टपरीवर सिजिमाळीचं कळलं. नियमगिरी हातचा गेला, मग २०२३ मध्ये रायगडा-कालाहंडीच्याच सीमेवरचा सिजिमाळीचा बॉक्साइटचा पट्टा लिलावात त्याच कंपनीला मिळाला. तिथं तिजराजा नावाचा देव आहे. तिथल्या ग्रामसभांचे होकाराचे ठराव कागदावर आहेत, आणि आम्ही असे ठराव केलेच नाहीत असं गावकरी सांगतात. काशीपूरचा हाच मुलूख. डिसेंबर २००० मध्ये मैकंच गावात बॉक्साइटच्याच विरोधातल्या लोकांवर गोळीबार होऊन तिघे गेले. मला तो चहा संपवता आला नाही.

रविवार. परतीची गाडी

मुनिगुड्याला गाडी उशिरा होती. सोबतचा मुलगा धावत आला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद. रात्री दादांनी त्याच्याकडे मागून ठेवले होते: त्या गावच्या २०१३ च्या पल्लीसभेच्या ठरावाची झेरॉक्स. ओडियात. खाली अंगठ्यांच्या ओळीच ओळी, काही शाई फिसकटलेले, एकावर एक आलेले.

गाडीत दादांनी ते कागद मांडीवर उलगडले. अक्षर एकही कळत नव्हतं, पण ते प्रत्येक पान शेवटपर्यंत बघत होते. अंगठ्यांवर बोट ठेवून मोजायला लागले. मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजले, गुरुवारी ती मुलगी धागे मोजत होती तसे. मग कागद हळदीच्या गाठोड्यासोबत पिशवीत ठेवले.

हळद पाऊस पडला की लावणार आहेत. ठराव येत्या ग्रामसभेत वाचायचा आहे. त्याआधी ओडिया वाचता येणारं कुणीतरी गाठायला हवं. आम्ही शोधतो आहोत.